कुणाकडून खेळायचं?

माझा धाकटा भाऊ गेली अठरा वर्षं शारजात नोकरी करतो. त्याचा मुलगा तिथंच जन्मला, तिथल्याच शाळेत जातो. पासपोर्ट भारताचा. वय पंधरा. डावखुरी फिरकी टाकतो आणि बरी टाकतो, असं ज्यांना कळतं ते म्हणतात. यंदा त्याच्या क्लबच्या प्रशिक्षकानं भावाला सांगितलं, की पोराला अमिरातीच्या एकोणीस वर्षांखालच्या संघाच्या निवड चाचणीसाठी तयार करू. भावानं आनंदानं ही बातमी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली आणि दोन दिवस ग्रुप पेटला.

दहिवडीहून अम्मीनं दुआ पाठवली. मोठ्या चुलत्यांनी लिहिलं, खेळायचंच तर आपल्या देशाकडून खेळू दे, त्याला पुण्यात ठेवा, खर्च आपण सगळे मिळून करू. एका चुलतभावानं मात्र मनातलं स्पष्ट लिहिलं: 'त्या संघात पाकिस्तानची पोरं असतात. उद्या गळ्यात गळा घालून फोटो आला, तर तो शारजात राहील, पण इथं गावात लोकांना तोंड आपल्याला द्यायचंय.' त्यानंतर ग्रुपवर कुणी काही बोललं नाही. रात्री भावाचा वेगळा फोन आला. म्हणाला, "आपा, तुम मास्तरीन हैं. जरा सोच के बोलो."

मी त्याला म्हटलं, थोडे दिवस दे. विचार करताना लक्षात आलं, की हा प्रश्न आमच्या घरापुरता नाही. म्हणून इथं लिहिते आहे.

आधी नियम काय आहे ते पाहू, कारण चर्चा तापली की नियम कुणी बघत नाही. क्रिकेटमध्ये एखाद्या देशाकडून खेळायचं तर तीन वाटा आहेत. त्या देशात जन्म, त्या देशाचं नागरिकत्व, किंवा सलग तीन वर्षांचं वास्तव्य. तिन्हींपैकी एक पुरे. ऑलिम्पिकची सनद जास्त कडक आहे. तिथं नागरिकत्वच लागतं, आणि एका देशाकडून खेळून दुसऱ्या देशाकडं जायचं असेल तर साधारण तीन वर्षं थांबावं लागतं. २०२८ मध्ये लॉस एंजेलिसला क्रिकेट ऑलिम्पिकमध्ये येतंय, तेव्हा नुसत्या वास्तव्यावर खेळणाऱ्यांची पंचाईत होणार आहे. पण दोन्हीकडं एक गोष्ट समान आहे. जन्माचा दाखला, पासपोर्ट, राहिल्याचा पुरावा एवढंच मागतात. मनात काय आहे, हे कुठल्याच अर्जात विचारलेलं नाही.

आता सौरभ नेत्रावळकरचं उदाहरण घ्या. मराठी माणसाला ते सगळ्यात जवळचं. हा मुंबईचा मुलगा. २०१० मध्ये न्यूझीलंडला झालेल्या एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, उपांत्यपूर्व सामन्यात पाकिस्तानकडून हरून परतला. पुढं मुंबईकडून एक रणजी सामना खेळायला मिळाला, २०१३ मध्ये. मुंबईच्या संघात जागा किती आणि उमेदवार किती, हे सांगायला नको. इंजिनियर होताच. २०१५ मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात पुढचं शिकायला गेला, नंतर ओरॅकल कंपनीत नोकरीला लागला. क्रिकेट सुटलं असं वाटत असताना तिथल्या मैदानांवर पुन्हा गोलंदाजी सुरू केली आणि अमेरिकेच्या संघाचा कर्णधारही झाला.

६ जून २०२४. डॅलसजवळ अमेरिका विरुद्ध पाकिस्तान. सामना बरोबरीत सुटला, सुपर ओव्हर झाली. पाकिस्तानला एकोणीस धावा हव्या होत्या आणि चेंडू नेत्रावळकरच्या हातात होता. त्यानं तेरा दिल्या. त्या रात्री आपल्याकडं जो जल्लोष झाला, तो अमेरिकेत झाला नसेल. मराठी वाहिन्यांवर 'आपला सौरभ' सुरू झालं. सहा दिवसांनी न्यूयॉर्कला तोच सौरभ भारताविरुद्ध उतरला. विराट कोहलीला त्यानं पहिल्याच चेंडूवर बाद केलं. मग रोहित शर्माला. रोहितचा झेल घेतला हरमीत सिंगनं, तोही मुंबईचाच, २०१२ मध्ये भारताकडून एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक जिंकलेला. मुंबईकर गोलंदाज, मुंबईकर क्षेत्ररक्षक, मुंबईचा फलंदाज बाद, आणि धावफलकावर अमेरिकेचा झेंडा. तरीही कुणी सौरभला गद्दार म्हटलं नाही. उलट कौतुक झालं, की बघा, दिवसा नोकरी करतो, सामना संपला की लॅपटॉप उघडून बसतो.

पण त्या सामन्यातली मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलेली गोष्ट विकेट नाही. सूर्यकुमार यादव बावीसवर असताना त्याचा झेल उडाला. खाली नेत्रावळकर होता. झेल सुटला. सूर्यकुमार नाबाद पन्नास करून सामना जिंकूनच परतला. आता विचार करा. ज्या देशात जन्मला, ज्याच्याकडून विश्वचषक खेळला, त्याच देशाच्या फलंदाजाचा झेल त्यानं सोडला. तो फलंदाजही मुंबईचाच. संशय घ्यायचाच तर याहून सोयीची जागा कुठली? पण अमेरिकेत कुणी संशय घेतल्याचं माझ्या वाचनात आलं नाही. झेल सुटला, खेळात सुटतात, एवढंच लोक म्हणाले.

इथं मला मोहम्मद शमी आठवतो. २४ ऑक्टोबर २०२१ ला दुबईत भारत पाकिस्तानकडून दहा विकेटनी हरला. अकरा जण हरले होते, पण त्या रात्री शिव्या एकाच्या वाट्याला आल्या, आणि त्या गोलंदाजीबद्दल नव्हत्या. कोहली कर्णधार होता. काही दिवसांनी तो पत्रकारांसमोर शमीच्या पाठीशी उभा राहिला, ते त्याचं मोठेपण. दोन वर्षांनी त्याच शमीनं भारतात झालेल्या विश्वचषकात चोवीस विकेट घेतल्या, सगळ्या गोलंदाजांत जास्त. त्याआधी साठ वर्षं मागं गेलात तर अब्बास अली बेग सापडतात. पहिल्याच कसोटीत इंग्लंडमध्ये शतक ठोकलेला फलंदाज. १९६०-६१ मध्ये पाकिस्तानविरुद्ध त्यांच्या धावा झाल्या नाहीत, तेव्हा त्यांच्या धर्मावरून कुजबुज झाली. बेगांनी देश बदलला नव्हता. शमीनंही नाही. नेत्रावळकरनं बदलला. बदलणाऱ्याचा झेल निव्वळ झेल राहिला. ज्यांनी बदलला नाही, त्यांचं अपयश मात्र देशावरच्या प्रेमाची परीक्षा ठरलं.

यावर कुणी म्हणेल, की मॅडम, तुम्ही सगळं नावावर नेताय. मी तसं म्हणत नाही, कारण एजाज पटेलचं उदाहरणही माझ्यासमोर आहे. एजाज मुंबईत जन्मला, गुजराती मुसलमान कुटुंबात. आठ वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर न्यूझीलंडला गेला. ४ डिसेंबर २०२१ ला वानखेडेवर त्यानं भारताचे दहाच्या दहा फलंदाज बाद केले. कसोटीत असं आधी दोघांनीच केलं होतं, १९५६ मध्ये जिम लेकरनी आणि १९९९ मध्ये अनिल कुंबळेंनी. वानखेडेवर प्रेक्षकांनी उठून टाळ्या वाजवल्या. अश्विननं भारतीय संघाच्या सह्यांची जर्सी त्याला दिली. तीन वर्षांनी तो परत आला, त्याच मैदानात अकरा विकेट घेऊन भारताला हरवून गेला, मालिका तीन-शून्य. तेव्हाही कुणी वाकडं बोललं नाही. शमीला शिव्या पडल्या त्याला दीड महिनाही झाला नव्हता, आणि आपल्याच लोकांनी एजाजसाठी टाळ्या वाजवल्या. नाव तसंच, प्रेक्षक तेच. म्हणजे एकटं नाव कारण नाही. नाव आणि समोर पाकिस्तान, या दोन गोष्टी एकत्र आल्या की डोकी फिरतात. माझ्या चुलतभावाची भीतीही नेमकी तीच आहे. त्याला अमिरातीचं वावडं नाही. त्याला त्या फोटोतल्या शेजारच्या पोराची काळजी आहे.

पण आज जगातले संघ कसे बनतात, हे पाहायला शारजाला जायची गरज नाही. आमच्या मावळ तालुक्यातच गहुंजेला आंतरराष्ट्रीय मैदान आहे. इंदुरीहून तळेगाव, सोमाटणे फाटा करत गेलं की फार लांब नाही. ८ नोव्हेंबर २०२३ ला तिथं इंग्लंड आणि नेदरलँड्सचा विश्वचषकातला सामना होता. आम्ही घरचे चौघं गेलो. दोन्ही संघ आपले नसल्यानं मोकळ्या मनानं बघता आलं. दिराच्या मुलानं मोबाइल काढला आणि एकेका खेळाडूचं जन्मगाव वाचायला लागला. नेदरलँड्सचा ओ'डाउड जन्मला न्यूझीलंडमध्ये. बारेसी, अकरमन, एंगेलब्रेख्ट दक्षिण आफ्रिकेचे. व्हॅन डर मर्व्ह तर आधी दक्षिण आफ्रिकेकडून खेळलेला. कर्णधार एडवर्ड्स जन्मला टोंगात. तेजा निदामनुरू विजयवाड्याचा, न्यूझीलंडमध्ये वाढलेला, मग नेदरलँड्सला गेलेला. आर्यन दत्त द हेगमध्ये जन्मलेला, पण घराणं पंजाबी. इंग्लंडकडून शतक ठोकलं बेन स्टोक्सनं, त्याचा जन्म न्यूझीलंडमधला. विकेट काढत होते मोईन अली आणि आदिल रशीद, ज्यांची घराणी पाकिस्तानच्या बाजूची. पोरगं वैतागून म्हणालं, "चाची, मग ह्यांच्यात खरा कुठला कोण?"

मी म्हटलं, "आज ज्यानं जी जर्सी घातलीय, तो तिथला. ज्याला ती घालायला सांगितलीय, तो तिच्यासाठी धावतोय का एवढं बघ."

इंग्लंड एकशे साठ धावांनी जिंकलं. निदामनुरू शेवटपर्यंत नाबाद उभा होता, एकेचाळीसवर. हरलेला सामना होता, तरी त्यानं विकेट फेकली नाही. त्याचा खरा देश कुठला, याचं त्या दिवसापुरतं उत्तर मला तिथं मिळालं.

मी शाळेत उर्दू आणि मराठी, दोन्ही शिकवते. एकच शब्द दोन तासांना दोन अर्थांनी येतो, याची मला सवय आहे. 'वतन' त्यातलाच. उर्दूत वतन म्हणजे जिथं जन्मलो, जिथली माती आठवते, ते. मराठीत तोच शब्द आला आणि त्याचा अर्थ जमिनीवर उतरला. मराठीत वतन म्हणजे चाकरीबद्दल मिळालेला हक्क. पाटलाचं वतन, कुलकर्ण्याचं वतन, महाराचं वतन, मुलाण्याचं वतन. माझ्या माहेरच्या घराण्याकडं मुलाणकीची जमीन होती. मशिदीची देखभाल आणि गावाची ठरलेली कामं करायची, त्याबद्दल ती. आमच्या इंदुरीत इंद्रायणीच्या काठावर सरसेनापती खंडेराव दाभाड्यांची गढी आहे. शाहू महाराजांनी १७१७ मध्ये खंडेरावांना सेनापतिपद दिलं. पद आणि मुलूख मिळाला तो तलवारीच्या चाकरीवर. उर्दूचं वतन हृदयात असतं, मराठीचं वतन कामात. स्वातंत्र्यानंतर कायद्यानं ही वतनं गेली आणि ते बरंच झालं, कारण पिढीजात हक्काबरोबर पिढीजात अपमानही चालत आला होता. पण शब्दातला एक विचार मला मोलाचा वाटतो: हक्क कामातून येतो.

खेळातला देश हा मराठी अर्थाचा वतन आहे, असं मला वाटतं. चाकरी करा, जागा मिळवा. त्याबरोबर उर्दूतलं वतन मनात असलं तर असू द्या, कुणाचं काही बिघडत नाही. सौरभच्या मनात मुंबई नसेल, असं कोण म्हणेल? एजाजला वानखेडेवर दहावी विकेट घेताना काय वाटलं असेल, ते त्यालाच ठाऊक. पण त्यानं चेंडू न्यूझीलंडसाठीच टाकला.

फाळणीच्या वेळच्या खेळाडूंनी हे सगळं आपल्या आधी भोगलंय. अली दारा १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये ध्यानचंदांच्या संघात होते, सुवर्णपदक जिंकले. १९४८ मध्ये लंडनला ते पाकिस्तानच्या हॉकी संघाचे कर्णधार होते. लतीफुर रहमान आणि अख्तर हुसेन यांनी त्याच लंडनमध्ये भारतासाठी सुवर्ण मिळवलं आणि १९५६ मध्ये मेलबर्नला पाकिस्तानसाठी रौप्य. अंतिम सामना भारताशीच होता. क्रिकेटमध्ये अब्दुल हफीज कारदार १९४६ मध्ये भारताकडून इंग्लंडला खेळले आणि १९५२ मध्ये पाकिस्तानच्या पहिल्या कसोटी संघाचे कर्णधार होऊन दिल्लीला आले. गुल महंमदांनी बडोद्याकडून आपल्या सांगलीच्या विजय हजाऱ्यांबरोबर ५७७ धावांची भागीदारी केली होती. ते १९५२ च्या त्या मालिकेत भारताकडून पाकिस्तानविरुद्ध खेळले आणि पुढं १९५६ मध्ये पाकिस्तानकडून एक कसोटी.

हे गेले त्यांच्याबद्दल. जे राहिले, त्यांच्याबद्दल आपण कमी बोलतो. त्याच दिल्ली कसोटीत भारताचे नऊ गडी बाद झाल्यावर पुण्यात जन्मलेले हेमू अधिकारी आणि हैदराबादचे गुलाम अहमद या जोडीनं शेवटच्या विकेटसाठी १०९ धावा केल्या. समोर कारदारांचा पाकिस्तान. फाळणीला पाच वर्षं झालेली, जखमा ओल्या. गुलाम अहमद फिरकी गोलंदाज, त्या दिवशी पन्नास करून गेले. पुढं भारताचे कर्णधारही झाले. त्यांच्याच घरातला आसिफ इक्बाल १९६१ मध्ये पाकिस्तानला गेला आणि १९७९ मध्ये पाकिस्तानचा कर्णधार होऊन भारतात आला. एका घरातले दोघं, दोन देशांचे कर्णधार. कुणाचं रक्त कुठल्या बाजूचं, हे शोधणारा इथं थकून जाईल. आणि अधिकारी-गुलाम अहमद यांचा तो भारतीय विक्रम पन्नासहून जास्त वर्षं टिकला. २००४ मध्ये ढाक्यात तो मोडला सचिन तेंडुलकर आणि श्रीरामपूरच्या झहीर खाननं, १३३ धावा करून. मुद्दाम कुणी जुळवून आणलेलं नाही, पण शेवटच्या विकेटला एक अधिकारी आणि एक अहमद, एक तेंडुलकर आणि एक खान उभे राहिले होते, हे मुलांना सांगताना मला बरं वाटतं.

देश बदलण्याची एक बाजू मात्र मला खटकते, आणि ती आखाताशी जोडलेली असल्यामुळं आपणच बोलायला हवी. माझं माहेर माण तालुक्यातलं. मोहीची ललिता बाबर आमच्या भागाची. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये, १५ ऑगस्टला, ती तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली. पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षांनी भारताची बाई ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या ऑलिम्पिक अंतिम फेरीत होती. ललिता दहावी आली. पहिली आली रूथ जेबेट, केनियात जन्मलेली, बहरीनकडून धावलेली. त्याआधी २००३ मध्ये स्टीफन चेरोनो नावाचा केनियाचा धावपटू कतारकडं गेला, सैफ सईद शाहीन झाला आणि पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत सोनं जिंकला. त्याच शर्यतीत त्याचा सख्खा भाऊ केनियाकडून धावत होता. हे प्रकार इतके वाढले, की जागतिक ॲथलेटिक्स संघटनेनं २०१७ मध्ये देश बदलणं काही काळ थांबवलं आणि नंतर तीन वर्षं थांबण्याची अट घालून पुन्हा सुरू केलं.

गरीब देशातला धावपटू पैशासाठी गेला, तर मी त्याला दोष देणार नाही. आपलीही माणसं पैशासाठीच आखातात गेली. मला खटकतं ते दुसरंच. ज्या देशांना पदकासाठी एका वर्षात नागरिक बनवता येतो, त्या देशांत वीस-वीस वर्षं रस्ते बांधणाऱ्या, दवाखाने चालवणाऱ्या, हिशोब लिहिणाऱ्या माणसाला दर दोन-तीन वर्षांनी व्हिसासाठी रांगेत उभं राहावं लागतं. माझ्या भावाची अठरा वर्षं तशीच गेली. अमिरातीनं २०२१ मध्ये निवडक गुणवंतांसाठी नागरिकत्वाचं दार किलकिलं केलं, पण आमच्यासारख्यांसाठी ते अजून बंदच आहे. माझ्या भाच्याला कदाचित त्या देशाची जर्सी मिळेल, पण वतन मिळणार नाही, ना उर्दूतलं ना मराठीतलं. नोकरी सुटली की बाप परत, आणि बापाबरोबर पोरगंही. भावाला मी फोनवर सगळ्यात आधी हेच सांगितलं. लोक काय बोलतील याची काळजी नंतर कर, आधी हा हिशोब पोराला समजावून सांग.

भारताचा हिशोबही सोपा नाही. आपल्याकडं दुहेरी नागरिकत्व नाही, आणि २००८ पासून भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्टच लागतो. पुण्यात फुटबॉल बघणाऱ्यांना आराता इझुमी आठवत असेल. जपानमध्ये जन्मलेला, वडील गुजराती. पुणे एफसीकडून बालेवाडीत खेळायचा. भारताकडून खेळण्यासाठी त्यानं जपानचा पासपोर्ट सोडला आणि २०१३ मध्ये भारताकडून उतरला. जपानचा पासपोर्ट सोडणं म्हणजे काय, हे व्हिसाच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला विचारा. इकडून तिकडं जाणारे आपल्याला दिसतात, तिकडून इकडं येणारा इझुमी आपण लवकर विसरलो.

राहता राहिला मनाचा प्रश्न. बाईला तो प्रश्न नवा नाही. मी माणमधून मावळात आले ती लग्न होऊन. नाव बदललं, गाव बदललं, भाकरीचं पीठसुद्धा बदललं, बाजरीच्या जागी तांदूळ आला. निघताना सगळ्यांनी एकच सांगितलं, दिल्या घरी सुखी राहा. इथं राबले, इथली झाले, आणि दहिवडीची एसटी दिसली की अजूनही मान वळते. सासरच्यांनी त्याचा कधी राग धरला नाही. सानिया मिर्झाचं लग्न पाकिस्तानी खेळाडूशी झालं, ती भारताकडूनच खेळत राहिली, रिओमध्ये पदकाच्या सामन्यापर्यंत गेली, तरी २०१४ मध्ये एका आमदारानं तिला पाकिस्तानची सून म्हणून हिणवलं. तिनं जर्सी बदलली नव्हती, पण सून म्हटलं की काम संपलं. लेक कुठली आणि सून कुठली, याचा हिशोब लावणारे लोक तिनं भारतासाठी काय जिंकलं याचा हिशोब लावत नाहीत.

आपल्या धर्मातही जन्मभूमीवरचं प्रेम आणि निवडलेल्या गावाशी इमान यांचं भांडण नाही. पैगंबर साहेबांना मक्का सोडताना दुःख झालं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पुढं मक्का जिंकल्यावर ते तिथं राहू शकले असते. ते मदिनेला परत गेले, कारण मदिनेनं त्यांना आसरा दिला होता. त्यांची कबरही तिथंच आहे. मक्केवरचं प्रेम त्यामुळं कमी झालं, असं कोण म्हणेल?

तर भावाला मी काय सांगितलं? सांगितलं, की पोराला चाचणी देऊ दे. तो तिथं जन्मला, तिथंच गोलंदाजी शिकला, तिथलीच मैदानं त्याला ओळखतात. पुण्यात आणून ठेवलं, तर तो आईबापाविना राहील, आणि इथल्या रांगेत त्याच्यासारखे शेकडो आहेत. जर्सीबरोबर वतन मिळणार नाही, हे त्याला आत्ताच समजू दे, म्हणजे पुढं जीव तुटणार नाही. शिक्षण सोडू देऊ नकोस. नेत्रावळकरची नोकरी होती म्हणूनच त्याला खेळताही आलं.

आणि चुलतभावाच्या फोटोबद्दलही सांगितलं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये आशिया चषकात भारत आणि पाकिस्तानच्या खेळाडूंनी हस्तांदोलन केलं नाही. त्याच स्पर्धेत अमिरातीकडून सलामीला यायचे दोघं: केरळात जन्मलेला अलीशान शराफू आणि पाकिस्तानच्या पंजाबातला मुहम्मद वसीम. आठवड्याभरात ते भारताशीही खेळले आणि पाकिस्तानशीही. भारतासमोर त्यांचा संघ सत्तावन्नात गारद झाला. सलामीची जोडी मात्र एकमेकांना हाक मारत धावा पळत होती, कारण हाक मारली नाही तर धावबाद व्हायला होतं. असा फोटो आला तर गावात मी उत्तर देईन. मास्तरीन आहे, लोक निदान ऐकून तरी घेतात.

भाच्याशी त्यानंतर मी स्वतः बोलले. त्याला देश वगैरे काही विचारायचं नव्हतं. त्याचा प्रश्न एकच होता, "फुपी, इंडिया के सामने खेलना पडा तो?"

मी म्हटलं, तर खेळायचं. ज्याची जर्सी त्याच्यासाठी, जीव तोडून. झेल आला तर पकड. सुटला तर पुढच्या चेंडूकडं बघ. सौरभचाही सुटला होता.